चार अक्षरांतला धोनी

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या अंगावर आला.

गेल्या दिवाळीत बहिणीकडे इंदूरला होतो. फराळाची ताटं मांडलेली, आणि भाचा-भाचीची चांगलीच जुंपलेली. भाचा म्हणत होता, "धोनी शंभर टक्के आयएसटीपी आहे." भाची म्हणाली, "काहीतरीच! तो आयएनटीजे आहे, सरळ दिसतंय." फौजेत आम्ही आयुष्यभर लघुरूपांवरच जगलो, पण ही लघुरूपं काही माझ्या ओळखीची नव्हती. दहा मिनिटं दोघं भांडले आणि मग अपेक्षेप्रमाणे माझ्याकडे वळले. "मामा, तू सांग. तू सिलेक्शनवाला माणूस."

सिलेक्शनवाला म्हणजे काय, तर नोकरीतली काही वर्षं मी अधिकारी निवडण्याच्या मंडळावर काम केलं. मी चकली खात वेळ मारून नेली. पण रात्री बहिणीनं बाजूला घेऊन सांगितलं ते मात्र चकलीवर भागण्यासारखं नव्हतं. भाची दोन वर्षं सीडीएसच्या परीक्षेची तयारी करत होती, आणि आता फॉर्मच भरायचा नाही म्हणत होती. कारण विचारलं तर तिनं मोबाईल पुढे केला. मोफत चाचणीत तिची अक्षरं आली होती आयएनएफपी. "मामा, आमचा टाईप स्वप्नाळू असतो. आम्हाला माणसांवर हुकूम चालवणं जमत नाही. सगळीकडे तसंच लिहिलंय."

मग मी घरी येऊन तीन-चार महिने या विषयाचा अभ्यास केला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

या चार अक्षरांची सुरुवात एका सासूपासून झाली, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. अमेरिकेतल्या कॅथरीन कुक ब्रिग्ज या बाईंची मुलगी इझाबेल. तिचं लग्न ठरलं क्लॅरेन्स मायर्स नावाच्या, पुढे वकील झालेल्या मुलाशी. मुलगा चांगला होता, पण आपल्या घरातल्या कुणासारखाच वागत नाही, हे सासूबाईंच्या लक्षात आलं. आपल्याकडे अशा वेळी जावयाच्या पाठीमागे बोललं जातं. कॅथरीनबाईंनी ग्रंथालय गाठलं. १९१७च्या सुमाराला त्यांनी नामवंतांची चरित्रं वाचून काढायला सुरुवात केली आणि माणसांचे चार प्रकार पाडले. म्हणजे धोनीवरून भांडणारी माझी भाचरं काही नवीन करत नाहीत. हा उद्योग जन्मला तोच प्रसिद्ध माणसांच्या चरित्रांतून.

पुढे कार्ल युंग या स्विस मनोवैज्ञानिकाचा १९२१ सालचा व्यक्तिमत्त्वप्रकारांवरचा ग्रंथ इंग्रजीत आला. तो वाचून बाईंना वाटलं, आपण जे शोधत होतो ते या माणसानं आधीच आणि जास्त चांगलं मांडलंय. युंगलाही हा प्रश्न पडला होता तो ओळखीच्याच माणसांवरून. फ्रॉइड आणि अॅडलर एकाच रुग्णाकडे पाहून दोन टोकांची कारणं का सांगतात, हे त्याला उलगडायचं होतं. त्याच ग्रंथात तो डार्विनला बहिर्मुख विचारवंताचा आणि कान्टला अंतर्मुख विचारवंताचा नमुना म्हणून उभा करतो. दोघंही तेव्हा हयात नव्हते, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही!

प्रत्यक्ष प्रश्नावली तयार केली ती मुलीनं, इझाबेल ब्रिग्ज मायर्सनं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पुरुष आघाडीवर गेलेले, बायका पहिल्यांदाच कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरत होत्या, आणि कुणाला कुठलं काम मानवेल हे त्यांना कळावं असा हेतू होता. आई शेतीशास्त्र शिकलेली, मुलगी राज्यशास्त्र. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नाही. टीकाकार हे आवर्जून सांगतात. मला ते फारसं महत्त्वाचं वाटत नाही. वस्तू कुणी बनवली यापेक्षा ती चालते का हे बघावं.

तर अक्षरं. पहिली जोडी ई आणि आय, म्हणजे बहिर्मुख आणि अंतर्मुख. माणसांत मिसळून तुमची बॅटरी चार्ज होते की एकटं बसून, असा साधा प्रश्न. दुसरी जोडी एस आणि एन. एस म्हणजे समोर दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या तपशिलावर भिस्त ठेवणारा, एन म्हणजे इंट्यूशन, तपशिलामागचा आकार आधी दिसणारा. (आय हे अक्षर आधीच वापरून झालेलं, म्हणून इंट्यूशनला एन.) तिसरी टी आणि एफ, चौथी जे आणि पी. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, सोळा प्रकार.

शेवटच्या दोन जोड्यांवरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एफ म्हणजे फीलिंग, पण त्याचा अर्थ रडूबाई नव्हे. निर्णय घेताना माणसं आणि मूल्यं तराजूत आधी टाकणारा तो एफ, नियम आणि कार्यकारण आधी टाकणारा तो टी. तसंच जे म्हणजे जजिंग, पण दुसऱ्याला नावं ठेवणारा नव्हे. ज्याला विषय मिटवून टाकायला आवडतं तो जे. ज्याला शेवटपर्यंत पर्याय उघडे ठेवायला आवडतात तो पी. प्रवासाला निघताना आठ दिवस आधी बॅग भरणारी माझी बायको आणि स्टेशनवर पोचल्यावर तिकीट शोधणारे तिचे भाऊ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता धोनी. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं.

२००७ची टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत, जोहान्सबर्ग. शेवटच्या षटकात पाकिस्तानला १३ धावा हव्यात, एक गडी शिल्लक. अनुभवी हरभजनचं एक षटक बाकी असताना धोनीनं चेंडू दिला जोगिंदर शर्माकडे. भाची म्हणते, बघा, अंतःप्रेरणा, एन! मग २०११, वानखेडे. स्पर्धेत धोनीचं एकही अर्धशतक नाही, युवराज तुफान फॉर्मात, तरी तीन गडी बाद झाल्यावर कप्तान स्वतः त्याच्या आधी मैदानात उतरतो आणि नाबाद ९१ करतो. भाची म्हणते, हा दूरचं पाहणारा डावपेचवाला, आयएनटीजे!

पण त्या बढतीचं कारण धोनीनं स्वतः पुढे सांगितलं. मुरलीधरन गोलंदाजी करत होता, चेन्नईच्या संघात त्याला खूप खेळलेला असल्यामुळे त्याची गोलंदाजी धोनीच्या हाताला ठाऊक होती. शिवाय समोर डावखुरा गंभीर असल्यानं डावखुरा-उजवा जोडी टिकणार होती. यात कुठलं स्वप्न नाही, दूरदृष्टीही नाही. समोरचा गोलंदाज, आपला अनुभव, या क्षणाची गरज. ही तर एसची बोली झाली. इथे भाचा जिंकला असं मी म्हणणार होतो, पण थांबा. तीच कृती, आणि कारण माहीत नव्हतं तेव्हा एन, कारण कळलं तेव्हा एस. टीव्हीवर कृती दिसते, कारण दिसत नाही. आणि ही सगळी अक्षरं तर कारणांची आहेत.

आयबद्दल मात्र दोघांत वाद नव्हता, आणि मलाही तो करावासा वाटत नाही. डिसेंबर २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौरा अर्ध्यावर असताना मेलबर्नच्या सामन्यानंतर हा माणूस कसोटी क्रिकेट सोडतो. २०२०च्या १५ ऑगस्टला इन्स्टाग्रामवर एका ओळीत आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडतो. निरोपाचा सामना नाही, भाषण नाही. प्रादेशिक सेनेतला तो मानद लेफ्टनंट कर्नल, आणि २०१९मध्ये वेस्ट इंडीजचा दौरा सोडून पंधरा दिवस काश्मीरमध्ये आपल्या पॅराशूट बटालियनबरोबर राहून आला. मानद पदं अनेकांना मिळतात, तिथे जाऊन राहणारे थोडे. जुन्या फौजी माणसाला हे आवडणारच, तेव्हा माझा कल कुठे झुकतोय ते तुम्हीही ध्यानात ठेवा.

पण ज्या गोष्टीसाठी धोनी सर्वांत प्रसिद्ध आहे, तो "कॅप्टन कूल"चा थंडपणा, तो या चार अक्षरांपैकी कुठल्या अक्षरात बसतो? मी शोधत राहिलो आणि मग लक्षात आलं, की बसतच नाही. ताण आल्यावर माणूस किती हलतो, त्याला चिंता किती ग्रासते, राग किती पटकन चढतो, हे मोजणारं अक्षर मायर्स-ब्रिग्जमध्ये नाही. मानसशास्त्रातले संशोधक आज जी पाच घटकांची मोजपट्टी जास्त वापरतात, तिच्यात ते पाचवं परिमाण आहे. १९८९मध्ये मॅक्रे आणि कोस्टा या दोघा संशोधकांनी दोन्ही मोजपट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या. मायर्स-ब्रिग्जच्या चार जोड्या पाचांपैकी चार घटकांशी बऱ्यापैकी जुळल्या. म्हणजे ही निव्वळ थाप नव्हे, काहीतरी मोजलं जातं. पण पाचवा घटक, भावनिक स्थैर्य, सुटला. आणि फौजेत विचाराल तर आम्हाला सर्वांत आधी तोच बघायचा असतो.

शिवाय थंडपणा म्हणजे राग नसणं नव्हे. धोनीनंच सांगितलंय की मलाही इतरांसारखंच वाटतं, चिडचिड होते, फक्त मी ते जरा जास्त आवरतो. आणि एप्रिल २०१९मध्ये जयपूरला नो-बॉलवरून, बाद झालेला असूनही, तो सीमारेषा ओलांडून पंचांशी वाद घालायला मैदानात शिरला. सामन्याच्या मानधनाच्या अर्ध्या रकमेचा दंड झाला. त्या एका रात्रीवरून त्याला तापट म्हणायचं का? मुळीच नाही. पण मग जोहान्सबर्गच्या एका षटकावरून अंतःप्रेरणावादी तरी का म्हणायचं?

राहुल द्रविडचं उदाहरण तर जाहिरातवाल्यांनीच देऊन ठेवलंय. २०२१मध्ये क्रेडिट कार्डाचं बिल भरायच्या एका ॲपच्या जाहिरातीत तो बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतून बाहेर निघून "इंदिरानगरचा गुंडा" म्हणून गरजतो. देश हसला. का हसला? कारण प्रत्येकानं मनात त्याला अक्षरं आधीच चिकटवलेली होती. दुसऱ्या कुणी ते केलं असतं तर कुणी बघितलंही नसतं.

क्रिकेट पुरे, आता माझ्या घरातल्या माणसांकडे येतो. १९६५च्या युद्धात फील्ड मार्शल करिअप्पांचा मुलगा, हवाई दलातला वैमानिक, पाकिस्तानच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. करिअप्पा तेव्हा निवृत्त होते, फील्ड मार्शलचा किताब पुढे १९८६ साली मिळाला. पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान फाळणीआधी त्यांच्या हाताखाली काम केलेले. मुलाला सोडण्याची तयारी त्यांच्याकडून कळवली गेली. करिअप्पांनी नकार दिला, त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की सगळेच कैदी माझी मुलं आहेत, एकट्याला वेगळी वागणूक नको.

आता सांगा, टी की एफ? माझ्या एका कोर्समेटला विचारलं, तो म्हणाला, "टी! पोटच्या पोराबद्दलसुद्धा नियम मोडला नाही." त्याची बायको तिथेच बसली होती. ती म्हणाली, "अहो, सगळे माझी मुलं म्हणणारा माणूस कोरडा कसा असेल? हा तर एफच." दोघांचंही बरोबर वाटतं, आणि ती अडचण करिअप्पांची नाही. चाचणी खरं तर विचारते, "तुम्हाला स्वतःला काय जास्त सोयीचं वाटतं?" त्याचं उत्तर फक्त त्या माणसाकडे असतं. करिअप्पांनी प्रश्नावली भरलेली नाही, धोनीनं भरल्याचं कुठे दिसत नाही. आपण त्यांच्या वतीनं भरतोय.

फील्ड मार्शल माणेकशांबाबत तर आणखी एक पायरी वर गेलो आहोत. ते बहिर्मुख, यात कुणाला शंका नसते. पण त्यांचे बहुतेक प्रसिद्ध किस्से, एप्रिल १९७१मध्ये इंदिरा गांधींपुढे केलेली स्पष्टोक्ती धरून, त्यांनी स्वतःच नंतर भाषणांत रंगवून सांगितलेले. आणि आजच्या तरुणांच्या डोळ्यांसमोर येतात ते २०२३च्या चित्रपटातले विकी कौशल. तेव्हा अक्षरं कुणाला देतोय? माणसाला, त्याच्या किस्से सांगण्याच्या शैलीला, की नटाला?

चाचणीच्या आतलं एक दुखणंही सांगतो, कारण भाचीचं गाडं तिथेच अडलं होतं. समजा, भरतीला आलेल्या पोरांची उंची मोजली आणि १७० सेंटीमीटरवर रेघ मारली. वरचे सगळे "उंच", खालचे सगळे "बुटके". मग १६९ आणि १७१वाले दोन वेगळ्या जातींचे ठरले, आणि १७१ व १९०वाले एका जातीचे. अंतर्मुख-बहिर्मुखाचंही तसंच आहे. बहुसंख्य माणसं मधल्या भागात असतात, दोन टोकांना दोन गर्दी नसते. म्हणूनच तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदललेलं असतं. आणि तरी वर्णन वाचताना प्रत्येकाला वाटतं, "हुबेहूब मीच!" बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकानं १९४८मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन मुलांनी ते अचूक ठरवलं. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, ज्योतिषाच्या एका पुस्तकातून जुळवलेलं. रविवारचं राशिभविष्य वाचणाऱ्यांना हे नवीन वाटू नये.

आमच्या निवड मंडळाकडे वळतो. पाच दिवस. मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्या घेतो: धूसर चित्रावरून गोष्ट लिहा, साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहा. दुसरा अधिकारी मुलाखत घेतो. तिसरा मैदानावर बघतो, फळ्या, दोर, ओंडके देऊन गटाला अडथळा पार करायला लावतो. आमच्यात म्हणत, एकजण मनसा बघतो, एक वाचा, एक कर्मणा. शेवटच्या दिवसाच्या परिषदेपर्यंत तिघं आपसांत बोलत नाहीत. का? कारण एकाच खिडकीतून पाहिलं की माणूस फसतो, आणि तिघांनी एकमेकांना आधीच सांगितलं तर तिघंही एकत्र फसतात. ज्या पंधरा गुणांवर तिथे मोजमाप होतं, त्यांत पुढाकार आहे, जबाबदारीची जाणीव आहे, निर्णयाचा वेग आहे, उत्साहीपणाही आहे. बहिर्मुख असावा, असं मात्र नाही. मायर्स-ब्रिग्जची चाचणी चालवणारे लोकही स्वतः सांगतात, की नोकरीसाठी माणूस निवडायला ती वापरू नका.

हे सगळं ठाऊक असणाऱ्या माणसाकडून चूक झाली, ती आता सांगतो. मंडळावर जाण्याआधीची गोष्ट. मी सिग्नल्समध्ये एका कंपनीचा कमांडर होतो. माझ्याकडे तमिळनाडूचा एक हवालदार होता, टेलिफोन लाईनच्या कामात हात धरणारा कुणी नाही. पण गप्प. बैठकीत गप्प, बडा खान्याला गप्प. प्रशिक्षक होण्याच्या कोर्सला एक नाव पाठवायचं होतं. मी त्याच्या नावापुढे लिहिलं, "अबोल, शिकवण्याच्या कामास योग्य नाही," आणि दुसऱ्याला पाठवलं.

पाच-सहा महिन्यांनी एका संध्याकाळी बराकीमागून हसण्याचा कल्लोळ ऐकू आला. बघतो तर हा गडी, भोवती आठ-दहा नवी तमिळ पोरं, आणि जॉइंट कसा मारायचा हे तो नकला करून शिकवतोय. एक नक्कल माझी होती. मला तमिळ येत नाही, पण चालण्यावरून ओळखली. तो अंतर्मुख नव्हता. हिंदीत चूक होईल, लोक हसतील, म्हणून तोंड मिटून होता. तुमच्यापैकी जे हैदराबादला, बडोद्याला, कोलकात्याला राहतात त्यांना हे मी समजावून सांगायला नको. घरात मराठीत घर डोक्यावर घेणारं पोर शाळेत पहिलं वर्षभर मुकं असतं. मी स्वतः लातूरहून एनडीएत गेलो तेव्हा इंग्रजीपायी तसाच होतो, आणि तरी मला ओळखता आलं नाही. पुढच्या वर्षी त्याचं नाव पाठवलं, तोवर वयाची अट उलटून गेली होती. तो हवालदार म्हणूनच निवृत्त झाला.

भाचीला मी हे फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मामा, मी खरंच गर्दीत दमते." म्हटलं, दमत असशील, ते तुझं तुलाच ठाऊक, तो आय तुझाच. पण कॉलेजच्या सहलीत बस घाटात बंद पडली तेव्हा चाळीस मुलींची रात्रीची सोय कुणी लावली होती? तिला आश्चर्य वाटलं, की हे मला कसं कळलं. आईनं सांगितलं होतं. "ते काय, कुणीतरी करायलाच हवं होतं," ती म्हणाली.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री साडेदहाला तिचा फोन. "मामा, फोटो किती केबीचा चालतो?" म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, भावाला विचार. म्हणाली, "तो बोलत नाहीये माझ्याशी. धोनी आयएसटीपी आहे हे मी मान्य केलं, तर आता तो म्हणतो आयएसटीजे."